आईला घेऊन भूतानला जायचंय (नोव्हेंबर), तिथल्या मंदिरांत कसं वागावं?

जय भीम, नमस्कार मंडळी.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आई (वय ७१), मी आणि माझी ११ वर्षांची लेक भूतानला निघतोय. आम्ही नागपूरचे. आईने दसऱ्याची दीक्षाभूमी कधी चुकवली नाही, म्हणून त्यानंतरचे दिवस धरलेत. रेल्वेने हासीमारा, तिथून जयगावमार्गे फुंटशोलिंग, मग पारो, थिम्फू, पुनाखा आणि फोबजिखा, एकूण ७ रात्री.

कागदपत्रांचं बघून झालंय. आधार चालत नाही, म्हणून आईचं मतदार ओळखपत्र आणि लेकीचा जन्मदाखला काढून ठेवलाय. भारतीयांना माणशी एका रात्रीचं सरकारी पर्यटन शुल्क १२०० रुपये, ६ ते १२ वयाच्या मुलांना निम्मं. आमचे २१,००० होतात. ते देताना मला जड जाणार नाही. देशाची किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील, असं ज्यांनी घटनेतच लिहून ठेवलंय, त्यांनी पाहुण्यांकडून एवढं मागितलं तर मागावं.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

काही वर्षांपूर्वी लडाखला एका गोंपात (बौद्ध मठात) पूजा चालू असताना मी फ्लॅश मारून फोटो काढला. समोरचे म्हातारे लामा काही बोलले नाहीत, फक्त पोथीवरून क्षणभर नजर वर केली. ती नजर अजून आठवते. आमच्या विहारात वंदना चालू असताना कुणी असं केलं असतं तर मला काय वाटलं असतं? तसं आता पुन्हा होऊ द्यायचं नाही.

आई स्थळं बघायला येत नाहीये, ती दर्शनाला येतेय. पण आपली वंदना पालीतली, साधी. तिथली परंपरा वज्रयान, गुरू रिंपोचे म्हणजेच पद्मसंभवांना मानणारी. ल्हाखांगमध्ये (तिथल्या मंदिरात) कोपऱ्यात बसून तिने हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हटलेलं चालेल का, की मनातच म्हणावं? तिथली माणसं तीनदा दंडवत घालतात; आईचे गुडघे वाकत नाहीत, नुसते हात जोडले तर कमी वाटेल का? वंदनेला ती पांढरी साडी नेसते. झोंगमध्ये (किल्लेवजा मठात) पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात, टोपी काढावी लागते, हे माहीत आहे. पांढऱ्या साडीबद्दल कुणी काही सांगितलं नाही. आणि इथून मेणबत्त्या-अगरबत्त्या न्याव्यात, की तिथेच तुपाचा दिवा लावावा?

ताक्त्संगचं काय करावं कळत नाही. मठ ३,००० मीटरच्या वर, कड्यावर. घोडा अर्ध्या वाटेपर्यंतच जातो, पुढे पायऱ्याच पायऱ्या. घोड्यावर बसायला आई मुळात तयार नाही. ती म्हणते, "खालून हात जोडले तरी पोचतात, तू पोरीला घेऊन जा." तिला एकटीला खाली ठेवून जायला माझं मन होत नाही. त्यापेक्षा तो दिवस तिघींनी क्यिचू ल्हाखांगला घालवावा असं वाटतं. सातव्या शतकातलं मंदिर, सपाटीवर, आणि अंगणात संत्र्याचं झाड! नागपूरच्या बाईला आणखी काय हवं? तिथे म्हाताऱ्या बायका मणिचक्र (हातात धरायचं प्रार्थनाचक्र) फिरवत बसलेल्या असतात. आईला त्यांच्याजवळ तासभर बसायला आवडेल. असं बसलेलं त्यांना खटकणार नाही ना?

फोबजिखाला ११ नोव्हेंबरला गांगते मठाच्या अंगणात क्रौंचांचा उत्सव असतो. काळ्या मानेचे हे पक्षी तिबेटातून येतात आणि येता-जाता मठाला तीन प्रदक्षिणा घालतात, असं तिथले लोक मानतात. त्यांच्यासाठी खोऱ्यातल्या विजेच्या ताराही जमिनीखालून नेल्यात. लेकीला हे सांगितल्यापासून ती दिवस मोजतेय. उत्सवात शाळकरी मुलं नाचतात; त्यांचे फोटो काढण्याआधी कुणाला विचारायचं, मुलांना की शिक्षकांना? लहान भिक्षूंना लेकीला खाऊ द्यायचाय. द्यावा का, की मठातल्या मोठ्यांच्या हाती सोपवावा?

"कुझुझांगपो ला" (नमस्कार) आणि "कादिंचे ला" (धन्यवाद) दोघींनी पाठ केलंय. आणखी चार-दोन शब्द कुणी सांगितले तर फार बरं होईल. आई मिरची कमी खाते आणि तिकडची एमा दात्शी म्हणजे चीज घातलेली मिरचीचीच भाजी, तेव्हा "तिखट नको" हे नक्की सांगा.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ताक्त्संग की क्यिचू, हे त्याआधी ठरलं तर पारोतले दिवस तसे मांडता येतील. वयस्कर आई-वडिलांना घेऊन जे जाऊन आलेत त्यांनी जरूर लिहा.