युगांडात काही महिने राहायचंय, तब्येतीचं काय काय बघू?

रानवाट: कामासाठी पुढच्या महिन्यात युगांडाला चाललेय. कंपालाच्या बाहेर, खेड्यापाड्यांतून फिरणं आहे. पीतज्वराची लस लागते एवढं कळलंय. बाकी मला धास्ती पाण्याची आणि पोटाची. जाऊन आलेल्यांनी सांगा.

फिरती_नर्स: लस याच आठवड्यात घे. टोचल्यावर १० दिवसांनी ते पिवळं कार्ड, म्हणजे लस घेतल्याचा दाखला, लागू होतं, नंतर जन्मभर चालतं.
पाणी उकळून पी, पोट सांभाळशील. मला तुझी काळजी वाटते ती रस्त्याची. तिथे जिकडेतिकडे बोडाबोडा, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकली. तू बसणारच, दुसरं काही मिळत नाही वेळेला. मग स्वतःचं हेल्मेट घेऊन जा. अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडीने निघायचं नाही, साहेब कितीही घाई करोत. दिवे नसलेले ट्रक रस्त्यातच उभे असतात.
मलेरियाची गोळी डॉक्टरांना विचारून आत्ताच ठरव. परत आल्यावरही ती घ्यायची असते आणि नेमकी तिथेच लोक सोडून देतात. डॉक्सीसायक्लिन असेल तर पुढे ४ आठवडे, अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर ७ दिवस. गोळी घेतेस म्हणून मच्छरदाणी सोडू नकोस.

दगडधोंडे: जुलाब थांबवायची गोळी खिशात असली की झालं. मी तेवढ्यावर आफ्रिका फिरलोय.

फिरती_नर्स: @दगडधोंडे, नशीबवान आहात. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर ती जुलाब थांबवायची गोळी (लोपेरामाइड) घ्यायची नाही, डॉक्टर गाठायचा. एरवीही आधी क्षारसंजीवनी. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे.

रानवाट: रस्त्याचं डोक्यातच नव्हतं! रविवारी व्हिक्टोरिया सरोवरात पोहायचा बेत होता, तो चालेल ना?

फिरती_नर्स: नको गं. काठच्या गोगलगायींतून बिल्हार्झिया या जंतांच्या आजाराच्या अळ्या पाण्यात सुटतात आणि थेट कातडीतून आत शिरतात. तोंड मिटून पोहलीस तरी उपयोग नाही. हॉटेलचा क्लोरीनवाला तलाव चालेल.
आणि कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं तरी, १५ मिनिटं साबणाने धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस.

दगडधोंडे: परतल्यावर ताप आला तर?

फिरती_नर्स: त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासायचं. दारातच सांगायचं, "युगांडाहून आलेय." नाहीतर फ्लू समजून घरी पाठवतात.