पवईच्या आयआयटीतील तीन दिवसांच्या परिषदेसाठी सात महिन्यांच्या बाळासह कुठे उतरावे?

नमस्कार.

मी लातूरच्या एका वरिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. येत्या डिसेंबरमध्ये मुंबईला, पवईच्या आयआयटीमध्ये भरणाऱ्या तीन दिवसांच्या परिषदेत माझे भित्तिपत्रक स्वीकारले गेले आहे. बाळंतपणानंतरची ही माझी पहिलीच परिषद असल्यामुळे ती चुकवण्याची माझी अजिबात इच्छा नाही. मुलगी तेव्हा सात महिन्यांची असेल. दुपारी ती मऊ भात किंवा नाचणीची खीर खाते, पण अंगावर प्यायल्याशिवाय तिची दुपारची झोप होत नाही आणि झोप झाली नाही तर संध्याकाळ फार कठीण जाते. त्यामुळे तिला सोबत आणणार आहे आणि तिला सांभाळायला माझी आई येणार आहे. आईचे वय ६४ असून तिचा उजवा गुडघा दुखतो; सपाटीवर ती व्यवस्थित चालते, मात्र जिना चढताना तिला कठडा धरावा लागतो.

परिषदेची वेळ रोज सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच अशी आहे. दुपारच्या जेवणाची सुट्टी एक ते सव्वादोन. या सव्वा तासात मी खोलीवर जाऊन, मुलीला पाजून, दोन घास खाऊन परत सभागृहात पोहोचू शकेन अशी जागा मला हवी आहे. महाविद्यालयाकडून नोंदणी शुल्क आणि रेल्वेचे भाडे मिळेल. निवासासाठी दिवसाला १,२०० रुपये मिळतील आणि मी पदरचे घालून तीन हजारांपर्यंत जाऊ शकते. आम्ही लातूर–मुंबई एक्सप्रेसने सकाळी पोहोचू.

मी आतापर्यंत जो विचार केला तो असा. ठाण्याला गाडीतून उतरता येते, तिथे ओळखीचे एक कुटुंब आहे आणि निवासाचा खर्च वाचेल. घाटकोपरला मेट्रो आणि लोकल दोन्ही आहेत. मरोळ आणि साकीनाक्याच्या बाजूला, विमानतळ जवळ असल्यामुळे, आमच्या ऐपतीतली बरीच हॉटेले दिसतात. पवईत हिरानंदानीच्या आसपासची हॉटेले मात्र हाताबाहेरची वाटतात. नकाशावर ही सगळी ठिकाणे आयआयटीपासून फार लांब दिसत नाहीत, पण नकाशावर माझा विश्वास राहिलेला नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका परिषदेसाठी मी स्वस्त पडते म्हणून स्टेशनजवळ उतरले होते. परिषद शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. मी दारातून आत शिरले तेव्हा सत्राध्यक्षांनी माझे नाव पुकारून, मी नाही असे पाहून, पुढच्या वक्त्याला बोलावले होते. या वेळी उशीर झाला तर खोलीवर एक उपाशी बाळ रडत असेल, म्हणून आधीच विचारते आहे.

मुंबईची माहिती असलेल्यांनी, आणि विशेषतः बाळाला घेऊन असा प्रवास केलेल्यांनी, कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी पवईला पाच वर्षे विद्यार्थी म्हणून काढली आहेत, त्यामुळे आधी आतली बाजू सांगतो. आपण खोली कुठेही घेतली तरी फाटकाशी पोहोचणे म्हणजे सभागृहात पोहोचणे नव्हे. पवई तलावाला लागून असलेला आयआयटीचा परिसर साडेपाचशे एकरांच्या आसपास आहे आणि मुख्य फाटकातून आत आल्यावरही बरेच चालावे लागते. आत टमटम नावाची छोटी वाहने फिरतात, पण सव्वा तासाच्या सुट्टीत त्यांच्या भरवशावर राहू नये.

म्हणूनच माझे पहिले सांगणे असे की बाहेरची हॉटेले पाहण्याआधी आयोजकांना आजच लिहावे. संस्थेची वनविहार आणि जलविहार अशी दोन अतिथिगृहे परिसरातच आहेत. तिथे खोली सहसा थेट मिळत नाही, परिषदेच्या संयोजकांमार्फत मागावी लागते. पत्रात बाळाचे वय, आपण त्याला अंगावर पाजता ही गोष्ट आणि सोबत आई येत आहेत हे तिन्ही स्पष्ट लिहावे आणि तळमजल्यावरची किंवा लिफ्ट असलेली खोली मागावी. नुसते ‘निवासाची व्यवस्था व्हावी’ असे लिहिले तर आपले पत्र इतर शंभर पत्रांत जाईल.

खोली मिळाली नाही, तर पैशाकडे न पाहता हिरानंदानीच्या बाजूचीच जागा पाहावी. त्यातही आयआयटी आणि हिरानंदानी यांच्यामध्ये मोठा रस्ता आहे, तो बाळाला कडेवर घेऊन ओलांडणे सोपे नाही, हे लक्षात असू द्यावे.

प्रतिसाद २

मी भांडुपला राहतो आणि वीस वर्षांपासून मध्य रेल्वेने रोज प्रवास करतो. वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. मी फक्त रेल्वेचे आणि रस्त्याचे सांगतो.

आयआयटीला जवळचे स्टेशन कांजूरमार्ग. तिथे फक्त धिमी लोकल थांबते. ठाण्याहून मुलुंड, नाहूर, भांडुप आणि मग कांजूरमार्ग, म्हणजे स्टेशने चारच, पण सकाळी आठ ते दहा या वेळेत सगळी गर्दी ठाण्याकडून मुंबईकडेच निघालेली असते आणि आपल्याला त्याच गर्दीत शिरावे लागेल. महिलांच्या डब्यातसुद्धा बाळाला घेऊन चढणे मी माझ्या घरच्या माणसाला सुचवणार नाही. घाटकोपरहून नेमके उलट आहे. विक्रोळी आणि कांजूरमार्ग ही दोनच स्टेशने, आणि सकाळी ठाण्याच्या दिशेला जाणाऱ्या धिम्या गाडीत बसायलाही जागा मिळू शकते. संध्याकाळी परततानाही आपण गर्दीच्या उलट दिशेला असाल. दादरला उतरलात तरी हाच फायदा, फक्त स्टेशने सात होतात. अडचण एवढीच की घाटकोपर स्टेशनवर मेट्रोमुळे सदासर्वकाळ माणसांचा लोंढा असतो आणि पुलाचे जिने आईंच्या गुडघ्याला त्रासाचे ठरतील. कांजूरमार्गला पश्चिमेकडे उतरले की रिक्षा मिळते, पण पुढे गांधीनगरच्या चौकात ती किती वेळ अडकेल याचा नेम नाही.

मरोळ आणि साकीनाक्याबद्दल मात्र मी ठामपणे नको म्हणेन. अंतर चार-पाच किलोमीटरचे असले तरी जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यावर मेट्रो ६ चे काम चालू आहे आणि साकीविहार रस्ताही एरवीच भरलेला असतो. घाटकोपर–वर्सोवा मेट्रो साकीनाक्यावरून जाते, पण ती पवईत येत नाही. आरे–जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता या स्टेशनाच्या नावात तोच रस्ता असल्यामुळे बाहेरून येणाऱ्यांचा गोंधळ होतो. भूमिगत मेट्रोचे ते स्टेशन आयआयटीपासून बरेच दूर, पश्चिमेला आहे. सकाळी एकदाच जायचे असते तर मी मरोळ चालेल असे म्हटले असते. भर दुपारी सव्वा तासात जाऊन-येऊन होणार नाही.

प्रतिसाद ३

मी माझ्या मुलाला घेऊन, तो नऊ महिन्यांचा असताना, हैदराबादच्या एका परिषदेला गेले होते, म्हणून लिहिते आहे.

खोली कितीही जवळ असली तरी तीन दिवस रोज दुपारी धावत जाऊन धावत येणे आपल्याच्याने होईल असे मला वाटत नाही. मलाही झाले नाही. दुसऱ्या दिवशी माझे जेवण राहिले, तिसऱ्या दिवशी दूध कमी आले आणि मुलगा चिडचिडा झाला. त्यापेक्षा बाळ आणि आजी दुपारी परिषदेच्या ठिकाणीच येतील असे पाहावे. आपल्याकडे एसटीच्या स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो, तसा एक कोपरा आयोजकांकडे मागायला संकोच करू नये. सभागृहाच्या इमारतीतली आतून कडी लागणारी छोटी खोली, एक खुर्ची, एक पंखा आणि जवळ पाणी एवढे पुरते. पत्रात हे निवासाच्या मागणीनंतर स्वतंत्र परिच्छेद करून लिहा, म्हणजे एक गोष्ट नाकारली गेली तरी दुसरी मिळू शकेल. आईंनाही फाटकावर प्रवेश मिळावा म्हणून त्यांचे नाव आधीच कळवून ठेवा आणि त्यांचे ओळखपत्र जवळ असू द्या.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपली गाडी सकाळी पोहोचेल आणि बहुतेक हॉटेले खोली दुपारी बारा किंवा दोननंतर देतात. रात्रभर प्रवास केलेले बाळ स्वागतकक्षातल्या सोफ्यावर चार तास राहू शकत नाही. शक्य असेल तर आदल्या रात्रीपासूनच खोली घ्यावी, किंवा सकाळी खोली मिळेल असे लेखी मागून घ्यावे. खोलीत पाणी उकळायला किटली आहे का, हेही विचारावे. मी विचारले नव्हते आणि रात्री दीड वाजता वाटी-चमचा उकळायला खालच्या मजल्यावरचे स्वयंपाकघर शोधत फिरले होते.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सकाळची गर्दी कोणत्या दिशेला असते हा विचार माझ्या मनातही आला नव्हता आणि ठाण्याचा पर्याय मी त्यामुळेच सोडून दिला आहे. मरोळही सोडले.

आयोजकांना काल पत्र पाठवले. त्यात सुचवल्याप्रमाणे अतिथिगृहातली खोली आणि दुपारसाठी कडी लागणारी छोटी खोली अशा दोन मागण्या वेगवेगळ्या लिहिल्या. आज सकाळी संयोजकांपैकी एका बाईंचा फोन आला. अतिथिगृहाचे आठवडाभरात कळवतील, पण दुपारच्या खोलीची व्यवस्था त्या स्वतः पाहणार आहेत आणि आईचे नाव फाटकावर देऊन ठेवणार आहेत. त्यांनी मुलीचे नाव विचारले तेव्हा मला खरोखर भरून आले.

अतिथिगृहात खोली मिळाली तर प्रश्नच मिटला. मिळाली नाही तर दुपारची धावपळ उरणार नसल्यामुळे सकाळ-संध्याकाळचाच प्रवास राहील, आणि मग हिरानंदानीच्या महागड्या खोलीऐवजी घाटकोपर पूर्वेला, लिफ्ट असलेल्या हॉटेलात दोन खाटांची खोली घेऊन, लोकलचे जिने टाळण्यासाठी रोज टॅक्सीने जावे असा विचार आहे. आई आणि बाळ माझ्यासोबत सकाळी न येता बाराच्या सुमारास वेगळ्या टॅक्सीने येतील. भांडुपच्या दादांना एवढेच विचारायचे आहे की आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी बारा वाजता, घाटकोपर पूर्वेहून आयआयटीच्या मुख्य फाटकापर्यंत टॅक्सीला किती वेळ धरावा, आणि ती पूर्व द्रुतगती महामार्गाने न्यावी की लालबहादूर शास्त्री मार्गाने?