पहिली स्पर्धा: सुरुवात किती किलोने करू?

कोथरूडकर:
पुढच्या महिन्यात बालेवाडीला माझी पहिली वेटलिफ्टिंग स्पर्धा आहे. वय ३४. सांगलीच्या संकेत सरगरचं २०२२ मधलं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं रौप्य बघितलं आणि बार हातात घेतला. स्नॅच (बार एका दमात जमिनीवरून थेट डोक्यावर) ४२, क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ५५, तेही एकदाच, सगळं जुळून आलं त्या दिवशी. स्नॅचला ४० ने सुरुवात करू का? रात्री डोळे मिटले की तिन्ही प्रयत्न बाद झालेले दिसतात.

जुना लिफ्टर:
ताई, ४० नको, ३६ टाका. झोप झालेली नसतानाही हमखास उचलता येतं, ते पहिलं वजन. चुकलात तर पुढे तेवढंच किंवा जास्त, कमी करता येत नाही. माझ्या पहिल्या स्पर्धेत तिन्ही स्नॅच गेले. तिसऱ्याला बार डोक्यावर स्थिर होता, हात सरळ, पण पंचांच्या खुणेआधीच सोडला. तीन लाल दिवे. नंतर जर्क छान झाले, तरी टोटल (दोन्ही प्रकारांची बेरीज) नाही ती नाहीच. घरी पोचेपर्यंत बायकोशी एक शब्द बोललो नाही.

हडपसरची आई:
खेळाडूंचं वजन दोन तास आधी घ्यायला सुरुवात होते, तासभर चालतं. ते झालं की केळी, गूळपोळी, मीठ-साखरेचं पाणी. मिसळ संध्याकाळी! नाव पुकारल्यावर एक मिनिट मिळतं, लागोपाठ तुमचीच पाळी आली तर दोन. घाई करू नका.

कोथरूडकर:
दादा, आज सरावाला भावजयीला समोर उभं केलं. ती ‘खाली’ म्हणेपर्यंत बार धरून ठेवला, पाचही वेळा. ३६ नक्की.