सीडिंग चालू, तरी रेशो (दिलेला डेटा भागिले घेतलेला) ०.३ वरच

प्रश्न: क्यूबिटटोरंट या टोरंट प्रोग्रॅमवर उबंटू आणि डेबियन या लिनक्सच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या फाइली) रात्रंदिवस सीड होतात, म्हणजे इतरांना वाटायला ठेवल्यात. लाइन ५० एमबीपीएस, दोन्ही बाजूंनी. अपलोड जवळपास शून्य. काय तपासू?

उत्तर १: आधी पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांना तुमच्या प्रोग्रॅमशी जोडायचं दार. राउटरच्या पानावर वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी कंपनी अनेक ग्राहकांत वाटते. पोर्ट फॉरवर्ड करून (राउटरवर बाहेरून आत वाट काढून) काहीही होणार नाही. इंटरनेट कंपनीकडे पब्लिक आयपी मागा, किंवा आयपीव्ही६ (नवी पत्तापद्धत) चालू करून राउटरच्या फायरवॉलमध्ये पोर्ट उघडा. पब्लिक आयपी असेल तर ६८८१ (टोरंटचा जुना ठरलेला पोर्ट) सोडून ४९१५२ च्या वरचा एक पोर्ट कायम ठेवा, टीसीपी-यूडीपी दोन्ही फॉरवर्ड करा. ‘दरवेळी नवा पोर्ट’ बंदच.

उत्तर २: अपलोड मोकळं सोडू नका. लाइन तुंबली की डेटा मिळाल्याच्या पोचपावतीची पाकिटं (छोटे संदेश) अडकतात, डाउनलोडही रडतं. ८० टक्के, म्हणजे सुमारे ५००० केबी प्रति सेकंद मर्यादा घाला. केबी (किलोबाइट) आणि केबिट (किलोबिट, त्याचा आठवा भाग) यांत गल्लत नको!

उत्तर ३: पोर्ट ठीक असूनही आकडा हलला नाही तर टोरंटच जुनं आहे. सीडर शेकड्यांनी, घेणारे चार. उबंटूची नवी आवृत्ती एप्रिल-ऑक्टोबरात येते. पहिल्या काही तासांतच उतरवून सीडिंगला लावा.

प्रश्नकर्ता: वॅन आयपी १००.८१ ने सुरू होतोय. कळलं.