मदत हवी आहे: बसलेल्या माणसाच्याच ताब्यात राहील अशी डोलखुर्ची कशी करावी?

नमस्कार मंडळी,

आईसाठी डोलखुर्ची करायला घेतली आहे आणि आराखड्यातच अडले आहे. सुतारकाम मला बऱ्यापैकी येतं, आकडेमोडीचाही कंटाळा नाही.

आईच्या डाव्या पायात जोर राहिलेला नाही आणि उजवा लवकर दमतो. हात, खांदे, पाठ मात्र ठणठणीत आहेत. नेहमीची डोलखुर्ची पायाने चालते. चवडा जमिनीवर रेटला की खुर्ची मागे जाते, थांबायचं असेल तर पाऊल टेकवायचं. पाय वजा केला की बसणाऱ्याकडे काहीच उरत नाही. मग कुणीतरी मागे उभं राहून झोके देतं, आणि ते आईला अजिबात नको असतं. तिचं म्हणणं मला पूर्ण पटतं. किती डोलायचं आणि कधी थांबायचं हे दुसरा ठरवत असेल तर पाठ आणि मान सतत सावध राहतात. त्यात आराम कसला?

तर या खुर्चीत आईला फक्त हातांनी आणि पाठीने डोलणं सुरू करता आलं पाहिजे, मागे रेलून हव्या त्या कोनात स्थिर राहता आलं पाहिजे आणि वाटेल तेव्हा थांबता आलं पाहिजे. शिवाय बसताना-उठताना खुर्ची जागची हलता कामा नये. या शेवटच्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे.

सध्या एक कच्चा सांगाडा तयार आहे. 18 मिमी प्लायचे दोन थर चिकटवून खालच्या दोन वाकड्या पट्ट्या केल्या आहेत (पुढे त्यांना चाप म्हणते), त्रिज्या 105 सेमी. सांगाडा 12 किलो, आई 60 किलो. पाय ठेवायला पाटी खुर्चीलाच जोडली आहे, म्हणजे पाय जमिनीवर घासत नाहीत.

मला विचारायचंय ते असं. चापाची त्रिज्या वाढवू की कमी करू? याबद्दल मला दोन्ही बाजूंचे सल्ले मिळाले आहेत, पण कारण कुणीच सांगितलं नाही. हाताने चालणारा ब्रेक किंवा दांडा कुणी बसवला आहे का? आणि मागे कलंडू नये म्हणून नेमकं काय करतात?

मोटर नको आहे. मोटरची लय मोटरची असते, आईला स्वतःची हवी आहे.

दोलक:

ताई, आधी त्रिज्येचं बघू, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मात्र नुसती त्रिज्या बघून उपयोग नाही. त्रिज्येतून गुरुत्वमध्याची (खुर्ची आणि माणूस मिळून सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात तो बिंदू) उंची वजा करा (माणूस बसलेला असताना, जमिनीपासून). उरलेला आकडाच खुर्चीचा स्वभाव ठरवतो. ही उंची 60 सेमी धरली तर तुमच्या चापात फरक 45 सेमी येतो. फरक जितका मोठा तितकी खुर्ची हट्टाने मधल्या जागी परत येते. तो शून्य झाला तर ती परत यायचं नावच घेणार नाही, आणि उणे झाला तर सरळ उलटेल.

आता हातांचं गणित. दोन्ही हात मिळून शरीराच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा भरतात. मांडीवरचे हात 30 सेमी पुढे लांबवले तर शरीराचा गुरुत्वमध्य 3 सेमी सरकतो, खुर्चीचं वजन धरून अडीच. या अडीचला त्या फरकाने भागलं की खुर्ची किती कलेल ते मिळतं. फरक 45 असेल तर तीन अंशांहून थोडं जास्त, 60 असेल तर जेमतेम अडीच, 30 असेल तर पावणेपाच. म्हणजे त्रिज्या कमी केली की खुर्ची हातांचं जास्त ऐकते. सोबत लयही संथ होते: याच मापांत 120 सेमी त्रिज्येला एक पूर्ण झोका सुमारे 1.8 सेकंदांचा, 105 ला 2.1 आणि 90 ला 2.5. पण फार खाली गेलात तर शिंक आली तरी खुर्ची हलेल. सल्ले दोन्ही बाजूंचे मिळाले ते यामुळेच. पायाने रेटणाऱ्याला मोठी त्रिज्या चालते, कारण पायाचा जोर भरपूर असतो.

तीन-चार अंश कमी वाटतील, पण झोक्याच्या लयीत हात पुढे-मागे केले की प्रत्येक फेरीत थोडी भर पडत जाते आणि डोलणं वाढतं. फक्त चाप जमिनीवर मोकळेपणाने लोळले पाहिजेत, जाड गालिचा सगळी भर खाऊन टाकतो.

गुरुत्वमध्य अंदाजाने धरू नका, मोजा. आईंना बसवा, चाप जिथे टेकतो तिथून 40 सेमी पुढे 5 किलोची पिशवी टांगा आणि मोबाइलच्या कोनमापकाने कल बघा. फरक 45 सेमी असेल तर साडेतीन अंशांच्या आसपास येईल.

धागाकर्ती:

दोलक, मनापासून आभार. इतकं स्वच्छ कारण कुणीच दिलं नव्हतं. मोजून आले. कल चार अंश भरला, म्हणजे फरक 40 सेमी आणि गुरुत्वमध्य 65 वर. आई उंच आहे आणि उशी जाड आहे, त्यामुळे असेल. मग 100 सेमी त्रिज्या घेतली तर फरक 35 उरतो. इथून सुरुवात करते. पायाची पाटी पुढे सरकवली की खुर्ची पुढे झुकते हेही आज दिसलं, तेव्हा पाटीची जागा आधी पक्की करावी लागेल.

आता अडलंय ते स्थिर राहण्यापाशी. हात डोक्यामागे घेतले की आई थोडी मागे कलते, पण हात खाली आणले की पुन्हा पुढे. रेलून रेडिओ ऐकायचा तर सगळा वेळ हात वर कोण धरणार?

सुतारपक्षी:

चाप एकाच त्रिज्येचा असावा असा नियम नाही. पीटर ऑप्सविक या नॉर्वेजियन डिझायनरची 1983 ची 'ग्रॅव्हिटी' खुर्ची बघा. तिचा चाप एकसलग गोल नाही. टेबलाशी ताठ बसण्यापासून पाय वर करून पूर्ण आडवं रेलण्यापर्यंत ती वेगवेगळ्या जागी थारा घेते, आणि एका थाऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं ते अंग सरकवून.

यामागची अट सोपी आहे. चापाचा जो भाग टेकलाय त्याच्या बरोबर वर गुरुत्वमध्य आला पाहिजे आणि तिथली त्रिज्या गुरुत्वमध्याच्या उंचीपेक्षा मोठी हवी. मग खुर्ची तिथे टिकते. तुमच्या बाबतीत दोन थाऱ्यांच्या मधला भाग 65 सेमीहून लहान त्रिज्येचा करावा लागेल, तिथे खुर्ची किंचित वर चढून पलीकडे उतरेल. हा चढाव अगदी हलका ठेवा, नाहीतर हातांनी पार होणार नाही. लाकूड कापण्याआधी चापाच्या खाली पातळ पट्ट्या चिकटवून, कानशीने घासत घासत आकार शोधा. कागदावर हा आकार बरोबर येत नाही, कारण माणूस कधी एकसारखा बसत नाही.

माझं मत विचाराल तर मागे एकच थारा पुरे. जास्त केलेत तर डोलणं धक्क्याधक्क्याचं होईल, आणि आईंना डोलायचंही आहे ना.

बिजागरी:

थारा ठीक आहे, पण मी वेगळं सुचवते. खुर्चीला धरून खुर्ची ढकलता येत नाही. त्यात फक्त अंगाचं वजन सरकतं, दोलकांनी मोजलं तेवढंच. बाहेरच्या स्थिर वस्तूला रेटलं तर गोष्ट बदलते. 70 सेमी उंचीवर 2 किलो वजन पेलण्याइतका जोर लावला तरी तुमची खुर्ची तीन अंशांहून जास्त कलेल, आणि त्यासाठी हात लांबवायलाही नको.

म्हणून तळाला स्थिर चौकट घाला. चाप जमिनीऐवजी त्या चौकटीच्या रुळांवर लोळतात आणि दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग त्यांना जागेवर धरतात. ही रचना नवी नाही, अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा खुर्च्या खूप झाल्या. खुर्ची जमिनीवर सरकत नाही, गालिच्याचा प्रश्न मिटतो, आणि मुख्य म्हणजे हाताच्या दांड्याला रेटायला चौकट मिळते. दांडा बैठकीला बिजागरीवर बसवायचा आणि त्याचं खालचं टोक आडव्या काठीने चौकटीला जोडायचं. ढकललं की पुढे, ओढलं की मागे. ब्रेकही याच जागी बसतो: लाकडी तबकडीवर चामड्याचा पट्टा, स्प्रिंगने आवळलेला. मग रेलून राहायचा कोन कुठलाही चालतो, चापात चढाव करायला नको.

दोन सूचना. स्प्रिंगमुळे खुर्ची जास्त हट्टी होते, तेव्हा हलक्या घ्या. आणि चाप व रूळ यांच्यामध्ये बोट सापडू शकतं, बाजूला फळी लावून ती फट झाकाच.

दोलक:

कलंडण्याचा प्रश्न राहिला होता. 100 सेमीचा चाप 20 अंश मागे जाऊ द्यायचा तर टेकणाऱ्या जागेच्या मागे 35 सेमी चाप लागतो. तिथेच चाप संपवलात तर उलटण्यासाठी गुरुत्वमध्य जेमतेम 1 सेमी वर उचलला जायला हवा. जोराचा झोका तेवढं सहज करेल. त्याऐवजी चापाच्या शेवटी 15 सेमी सरळ शेपटी काढा, वळण न देता. तेव्हा तोच गुरुत्वमध्य 5 सेमी उचलावा लागतो. रबराचा ठोकळा आवाज कमी करायला ठीक आहे, पण भरवसा शेपटीवर ठेवा. चौकट केलीत तर रूळही त्या शेपटीपर्यंत लांब हवेत.

धागाकर्ती:

चौकट आणि दांडा असं ठरवलं. चाप 100 सेमी, शेपटी 15 सेमी, मागचा थारा सध्या नाही. ब्रेकबद्दल मात्र मला उलटी रचना हवी आहे: हात लावला नाही तर ब्रेक लागलेलाच असावा, मूठ धरली की सुटावा. म्हणजे डुलकी लागली तर खुर्ची आहे त्या कोनात थांबेल आणि बसता-उठताना काही लक्षात ठेवावं लागणार नाही. ही मूठ कुठे ठेवू? खुर्चीच्या हातावर ठेवली तर आईला सोयीची, पण उठताना तिचा सगळा भार त्या हाताच्या पुढच्या टोकावरच असतो.

बिजागरी:

ताई, भार तिथेच असतो म्हणून मूठ खाली दाबून सुटणारी नसावी. हाताच्या खालच्या बाजूला, टोकापासून चार बोटं आत, सायकलच्या ब्रेकसारखी आवळायची मूठ ठेवा. उठताना तळवा वरून दाबतो, बोटं खालून वर ओढत नाहीत, त्यामुळे ब्रेक चुकून सुटत नाही. दांडा एका हाताला आणि मूठ दुसऱ्या हाताला द्या. तुम्ही डावा पाय म्हणालात, तर उठताना आई कुठल्या हातावर जास्त रेलतात ते आधी बघा आणि दांडा त्या बाजूला देऊ नका. त्या बाजूचा हात वरून मोकळा, रुंद आणि पक्का असू द्या.