वेगवेगळ्या रेझोल्यूशनचे मॅप एकाच स्क्रिप्टने कसे काढायचे?

निळी_जाळी:
मंडळी, प्रोटीनच्या क्रिस्टलचा एक्स-रे डेटा १.८ अँगस्ट्रॉमपर्यंत आहे (आकडा जितका लहान तितका तपशील जास्त), रेफमॅक या प्रोग्रॅमने रिफाइनमेंट, म्हणजे मॉडेल डेटाशी जुळवणं, झाली आहे. आत एक लिगँड (प्रोटीनला चिकटलेला छोटा रेणू) बसलाय. तो किती रेझोल्यूशनपर्यंत ओळखू येतो ते दाखवायचंय, म्हणून १.८ ते ३.० असे ०.२ च्या टप्प्याने इलेक्ट्रॉन-घनतेचे मॅप हवेत. दर वेळी आकडा बदलून बटण दाबायचा कंटाळा आलाय. शिवाय कूट या मॅप पाहायच्या प्रोग्रॅममध्ये १.५ सिग्माला ३.० चा मॅप उलट जास्त भरीव दिसतो. असं कसं?

लूपवाला:
बॅशमध्ये फॉर लूप लावा, आत सीसीपी४ या क्रिस्टलोग्राफीच्या संचातला, मॅप काढणारा एफएफटी प्रोग्रॅम चालवा. कॉलम एफडब्ल्यूटी आणि पीएचडब्ल्यूटी, म्हणजे रेफमॅकने दिलेले अँप्लिट्यूड आणि फेज (लाटांची कला; ती मॉडेलवरून काढतात). रेझोल्यूशनच्या ओळीत लूपचा आकडा, फाइलच्या नावातही तोच. हिअरडॉकच्या, म्हणजे स्क्रिप्टमध्येच लिहिलेल्या इनपुटच्या, ईओएफ या खुणेच्या शब्दाला अवतरणचिन्हं लावू नका, नाहीतर आकड्याऐवजी डॉलरच्या चिन्हासकट नुसतं व्हेरिएबलचं नाव एफएफटीच्या गळ्यात पडतं.

जुना_फेजवाला:
लूप ठीक, पण ग्रिड (मॅपमधल्या बिंदूंची जाळी) स्वतः द्या. नाही दिलंत तर दर रेझोल्यूशनला ते बदलतं आणि मॅप एकमेकांतून वजा करताना अडायला होतं. १.८ च्या लॉगमधले तीन आकडे उचला, तेच सगळीकडे.

सिग्मा म्हणजे त्या-त्या मॅपचा आरएमएस, म्हणजे घनतेचा सरासरीभोवतीचा चढ-उतार. बारीक तपशिलाच्या टर्म कापल्या की तो उतरतो, मग १.५ सिग्माची पातळीही खाली येते. तुलना इलेक्ट्रॉन प्रति घन अँगस्ट्रॉममध्येच करा.

आता खरी गोम. ३.० ला कापलंत की रिफ्लेक्शन (डेटामधले एक्स-रेचे मोजलेले ठिपके) जेमतेम पाचवा हिस्सा उरतात, पण त्यांच्या फेज १.८ च्या, लिगँडसकट रिफाइन केलेल्या मॉडेलच्याच! असा मॅप फारच गोड दिसणार. खऱ्या ३.० च्या क्रिस्टलला एवढ्या चांगल्या फेज कुठून मिळायच्या? (असली चित्रं पाहिली की मी आधी फेज कुठल्या ते विचारतो.) म्हणून लूपमध्ये रिफाइनमेंटच घाला: लिगँड काढा, अणू थोडे हलवा, त्या मर्यादेपर्यंत रिफाइन करा, मग डिफरन्स मॅप (डेटात आहे पण मॉडेलमध्ये नाही ते दाखवणारा). फ्री-आरचे, म्हणजे तपासणीसाठी रिफाइनमेंटबाहेर ठेवलेले, रिफ्लेक्शन सगळीकडे तेच ठेवा.

निळी_जाळी:
म्हणजे एफएफटीआधी रेफमॅक. आणि पाण्याचे रेणू?

जुना_फेजवाला:
आपोआप पाणी भरणं बंद ठेवा. लिगँड काढलेल्या जागेत ते हमखास घुसतं, आणि मग डिफरन्स मॅपमध्ये शोधायला काही उरत नाही.