काचेतून पावसाचे फोटो: थेंबांवर फोकस बसत नाही

खिडकीपाशी:
मुंबईत सातव्या मजल्यावर राहतो. स्लायडिंगची खिडकी, कॅननचा क्रॉप सेन्सर कॅमेरा, ५० मिमी एफ १.८ एसटीएम लेन्स. ऑटोफोकस काचेवरचे थेंब सोडून समोरची इमारत पकडतो. लेन्स काचेला टेकवली की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब जातं, पण थेंब पार धूसर होतात. आणि बाहेर धो धो कोसळत असताना फोटोत पाऊस दिसतच नाही. काय करावं?

काळा पडदा:
थेंबांचा फोटो आणि बाहेरच्या पावसाचा फोटो, ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच सेटिंगमध्ये दोन्ही साधायला जाऊ नका.

तुमची लेन्स सेन्सरपासून ३५ सेंमीच्या आत फोकस करतच नाही, म्हणून टेकवल्यावर थेंब धूसर होणारच. थेंबांसाठी साधारण ४० सेंमी मागे या, मॅन्युअल फोकस लावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) १० पट मोठं करून एका थेंबाच्या कडेवर फोकस बसवा. इतक्या जवळून एफ १.८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. कॅमेरा जरा तिरका झाला तरी अर्धी काच गेली, म्हणून तो काचेला अगदी समांतर हवा. एफ ४ वर सुरुवात करा, छिद्र लहान झालं की जास्त भाग स्पष्ट येतो. थेंबाच्या आत समोरची इमारत उलटी दिसते. ती नीट हवी असेल तर फोकस थेंबाच्या कडेवरून किंचित पुढेमागे करून बघा.

मागे आलात की प्रतिबिंब परत येणार. खोलीतले सगळे दिवे बंद करा, टीव्हीसुद्धा. काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडून ते कॅमेऱ्यासमोर धरा. पोलरायझरच्या (चमक कापणाऱ्या फिल्टरच्या) भरवशावर राहू नका: काचेकडे सरळ बघताना तो प्रतिबिंब कापत नाही. त्याचा खरा उपयोग लंबाशी साधारण ५५ अंशांच्या कोनात होतो, आणि वर दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) प्रकाश खातो तो वेगळाच.

रेघ:
बाहेरच्या पावसासाठी मात्र लेन्स काचेला टेकवाच, रबरी हूड (लेन्सच्या तोंडावरची मऊ कड) लावून. पाऊस दिसत नाही कारण मागे पांढरं आभाळ असतं. गर्द झाड, काळपट भिंत, नाहीतर संध्याकाळी रस्त्यावरचा दिवा, असं काहीतरी मागे हवं. मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने पडतो, म्हणजे १/१०० सेकंदाच्या शटरला त्याची आठ-नऊ सेंमीची रेघ उमटते. १/६० ते १/१२५ मध्ये राहा. १/१००० ला नुसते ठिपके येतात आणि ते नजरेत भरत नाहीत. फ्लॅश बंदच ठेवा.

खिडकीपाशी:
आभारी आहे. फोनने जमेल का? आणि काच धुरकट दिसते, आतून कितीही पुसली तरी.

काळा पडदा:
एसी चालू असेल. थंड काचेवर बाहेरच्या दमट हवेचं बाष्प बाहेरच्या बाजूने धरतं, आतून पुसून काय होणार? अर्धा तास आधी एसी बंद करा. कॅमेराही तेव्हाच बॅगेतून काढून ठेवा, म्हणजे खिडकी उघडल्यावर लेन्सवर वाफ धरणार नाही.

फोनमध्ये थेंबावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की उजेड थोडा खाली ओढा. पोर्ट्रेट मोड नको, तो थेंबांच्या कडा खातो. काही फोन जवळ नेल्यावर आपोआप अल्ट्रा-वाइड लेन्सच्या मॅक्रोवर (अगदी जवळच्या फोटोंच्या मोडवर) जातात आणि मग मागची इमारतही स्पष्ट येते. ते सेटिंग्जमधून बंद करा.